काटा मधोमध: इग्नेशियन विवेकसाधनेची पार्श्वभूमी

पोप फ्रान्सिस यांनी ३१ ऑगस्ट २०२२ पासून बुधवारच्या शिकवणीत एकच विषय लावून धरला: विवेक. नोकरी, लग्न, स्थलांतर अशा प्रश्नांत देवाची इच्छा ओळखायची कशी? ते स्वतः येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे, म्हणजे जेझुइट, त्यामुळे उत्तरही जेझुइट घरातले होते. त्याचे मूळ एका मोडलेल्या पायात आहे.

२० मे १५२१ रोजी उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने इग्नेशिअस लोयोला या बास्क सरदाराचा उजवा पाय मोडला. हाच पुढे येशूसंघाचा संस्थापक झाला. हाड नीट जुळले नाही, गुडघ्याखाली उंचवटा राहिला. तंग बूट चढणार नाहीत म्हणून त्याने तो करवतीने कापून घेतला, तेही भुलीचे औषध नसलेल्या काळात. अंथरुणावर वेळ जाईना, तेव्हा शौर्यकथा मागवल्या. घरात निघाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. कधी तो एका उच्चकुलीन स्त्रीच्या सेवेची स्वप्ने रंगवी, कधी अनवाणी जेरुसलेमला जाण्याची. रमताना दोन्ही गोडच. पण पहिले स्वप्न ओसरले की मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही. ही मागे उरणारी चव म्हणजेच पुढच्या सगळ्या पद्धतीचा पाया.

१५२२ मध्ये स्पेनमधल्याच मान्रेसा गावी त्याने टिपणे काढायला सुरुवात केली. पदवी नसताना लोकांना आत्मिक मार्गदर्शन करतो म्हणून आल्काला आणि सालामांका इथे चौकशी झाली, तुरुंगही घडला. म्हणून तो शिकायला पॅरिसला गेला. त्या टिपणांच्या पुस्तकाला, ‘आध्यात्मिक साधने’ला, पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली ती ३१ जुलै १५४८ रोजी.

हे पुस्तक वाचण्यासाठी नाही, करण्यासाठी आहे. चार ‘आठवडे’, एकूण साधारण तीस दिवस. पूर्ण एकांतात रोज पाच वेळा एकेक तास ध्यान. कोरडेपणा आला की तास आवरता घ्यावासा वाटतो. अशा वेळी तासापेक्षा थोडे जास्तच बसावे, असे इग्नेशिअस सांगतो. ज्याला कामधंदा सोडता येत नाही त्याच्यासाठी एकोणिसावी सूचना आहे: घरी राहून रोज दीड तास. मार्गदर्शकालाही बंधन आहे. साधकाला संन्यासाकडे किंवा संसाराकडे ढकलायचे नाही, देवाला त्याच्याशी थेट व्यवहार करू द्यायचा.

निर्णयाचा भाग पुस्तकाच्या मध्यावर येतो आणि तिथेच सर्वाधिक गफलत होते. मुळात निवड करायची ती दोन चांगल्या गोष्टींतली. वाईट गोष्ट निवडीला ठेवायचीच नाही, आणि झालेले लग्न किंवा गुरुदीक्षा (पाद्री होण्याचा विधी) पुन्हा तराजूत घालायची नाही. मन तराजूच्या काट्यासारखे मधोमध हवे. एका पारड्यावर आधीच बोट ठेवलेले असेल तर पुढची कृती निव्वळ सोपस्कार. निवडीचे तीन काळ सांगितले आहेत: शंकाच उरत नाही असा, सांत्वन (मनात टिकणारे समाधान) आणि खिन्नता (मनाचा कोरडेपणा) यांच्या अनुभवातून कौल मिळतो असा, आणि मन शांत असताना बुद्धीने तोलण्याचा. फायद्यातोट्याची यादी आहे ती या तिसऱ्यात. तीही दोन रकान्यांची नाही, चारांची: स्वीकारण्याचे फायदे, स्वीकारण्याचे धोके, नाकारण्याचे फायदे, नाकारण्याचे धोके. ‘परदेशातली नोकरी नाकारली तर काय गमावेन’ हे वेगळे लिहायला बसले की पहिल्या दोन रकान्यांत दबलेली भीती वर येते. मुद्दे मोजायचे नाहीत, वजन पाहायचे. एवढ्यानेही उलगडले नाही तर अनोळखी माणसाला आपण काय सल्ला देऊ, मृत्युशय्येवर काय निवडलेले आवडेल, हे विचारायचे.

आणि एक सक्त नियम: खिन्नतेत आधीचा निश्चय बदलायचा नाही. रात्री अकराला लिहिलेले राजीनामापत्र या नियमापुढे टिकत नाही.

ही साधना गोव्यात लवकर पोचली. इग्नेशिअसचा सहकारी फ्रान्सिस झेवियर याने ती १५३४ मध्ये पॅरिसला केली होती, आणि १५४२ मध्ये तो गोव्यात उतरला. मराठीत ओव्यांतून क्रिस्तपुराण रचणारे थॉमस स्टीफन्सही याच संघातले. पुढे युरोपात साधनेची प्रवचने झाली. एका खोलीतल्या दोघांऐवजी सभागृहातले पन्नास श्रोते, आणि प्रत्येकाच्या मनातल्या हालचाली ऐकायला कोणी नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) एकेकाला मार्गदर्शन देण्याची मूळ रीत परत आली. मुंबईत जन्मलेले जेझुइट पाद्री अँथनी डिमेलो यांनी पुण्यात आणि मग लोणावळ्यात ‘साधना’ संस्थेतून तिला श्वास व शरीराच्या जाणिवेची भारतीय जोड दिली. त्यांच्या लेखनातल्या काही मतांबद्दल व्हॅटिकनने १९९८ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला, हेही नोंदवायला हवे.

रोजच्यासाठी उरते ते परीक्षण, म्हणजे दिवसाकडे मागे वळून पाहणे, पंधरा मिनिटांचे. पायऱ्या पाच: आभार, प्रकाशाची याचना, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. बहुतेकांचे पहिल्याच पायरीवर चुकते. आभार गाळून थेट चुका मोजल्या की आठवडाभरात ते हिशेबाची वही होते, आणि वही बंद पडते.

मोठा निर्णय झाल्यावरही काम संपत नाही. तो प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा आणि काही दिवस मागे कोणती चव राहते ते पाहायचे. कोरडी राहिली, तर चारही रकाने पुन्हा उघडायचे.