रोमन विनोदी कथासाहित्यातील महाकाव्य-विडंबन

महाकाव्यातील प्रसंग, उपमा किंवा प्रत्यक्ष ओळी क्षुद्र परिस्थितीत योजून हास्य आणि उपरोध साधण्याची ही रीत असून पेट्रोनिअसचा ‘सॅटिरिकॉन’ हा लॅटिन ग्रंथ तिचे सर्वांत ठळक उदाहरण होय. गद्यात मधूनमधून पद्य पेरणाऱ्या मेनिपिअन परंपरेशी त्याचे नाते आहे. रोमन सम्राट नीरोच्या दरबारात अभिरुचीचा निवाडा करणारा आणि इ. स. ६६ मध्ये त्याच्याच रोषामुळे मृत्यू पत्करावा लागलेला, इतिहासकार टॅसिटसने वर्णिलेला पेट्रोनिअस हाच बहुधा त्याचा कर्ता असावा. मूळ ग्रंथ मोठा होता. आज त्याचे तुकडेच उरले आहेत.

कथेचा निवेदक एन्कोल्पिअस हा शिकलेला, निर्धन भटक्या. होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसिअस याच्यावर समुद्रदेव पोसायडनचा कोप होता, तसा याच्यावर बागांचा राखणदार असलेल्या प्रायापस या ग्राम्य देवतेचा आहे. जहाजावर वेषांतर करून लपलेल्या एन्कोल्पिअसला त्याचा शत्रू लिकास चेहऱ्यावरून नव्हे, तर गुह्यांगाला हात लावून ओळखतो. आणि निवेदक तेथेच वीस वर्षांनी ओडिसिअसचा व्रण ओळखणाऱ्या दाईची आठवण काढतो. पुढे क्रोटोन नगरात सर्सी नावाच्या सुंदरीपुढे त्याचे पौरुष ऐनवेळी दगा देते. तेव्हा तो आपल्या इंद्रियाचीच कानउघाडणी करू लागतो आणि त्याच्या मौनाचे वर्णन रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्यातील ओळींनी येते. पाताळात भेटलेली मृत प्रेयसी डायडो ही काव्याचा नायक इनिअस याच्याकडे पाठ फिरवून, नजर जमिनीवर खिळवून गप्प उभी राहते, त्या दोन ओळी येथे शब्दही न बदलता घेतल्या आहेत. बदलते ती तिसरी ओळ: व्हर्जिलने डायडोला कठीण गारगोटीची उपमा दिली होती, तिच्या जागी लवचीक वाळुंज आणि मान टाकलेले खसखशीचे फूल येते. व्हर्जिल शाळेतच पाठ केलेल्या रोमन वाचकाला हा पालट तत्काळ जाणवत असणार. एफिससच्या विधवेच्या कथेतही पतीच्या थडग्यात उपाशी बसलेल्या मालकिणीला दासी जेवायला वळवते, ती अ‍ॅनाने आपल्या बहिणीला, डायडोला, केलेल्या प्रश्नाच्या जवळजवळ त्याच शब्दांत.

या विडंबनाचा रोख महाकाव्यावर नसून त्याच्या उसन्या थोरवीवर जगणाऱ्या माणसांवर आहे. गुलामीतून मुक्त होऊन गडगंज झालेल्या ट्रिमाल्किओच्या घरातील भित्तिचित्रांत ‘इलिअड’ आणि ‘ओडिसी’च्या जोडीला ग्लॅडिएटरांचा खेळ रंगवलेला आहे. डीडेलसने नायोबीला ट्रोजन घोड्यात कोंडले, अशी एकमेकींशी संबंध नसलेल्या पुराणकथांची खिचडी हा यजमान मेजवानीत पाहुण्यांना ठामपणे सांगतो. या मेजवानीचा बहुतांश भाग डाल्मेशियातील (आजच्या क्रोएशियातील) त्रोगीर येथे सापडलेल्या हस्तलिखितामुळे वाचला. तो १६६४ मध्ये छापला गेला. ट्रॉयच्या पाडावावर ६५ ओळींचे काव्य म्हणणाऱ्या युमोल्पस कवीला श्रोते दगड मारतात. त्याचे यादवी युद्धावरील २९५ ओळींचे काव्य थट्टेचे की गंभीर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र ते अशा कवीच्या तोंडी घातले आहे, हे विसरून त्याचा अर्थ लावता येणार नाही.

दुसऱ्या शतकातील रोमन लेखक अ‍ॅप्यूलिअसच्या ११ खंडांच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये विडंबन अधिक सौम्य आहे. गाढव झालेला नायक लूसिअस पिठाच्या जात्याला जुंपलेला असताना, अनेक नगरे पाहिलेल्या होमरच्या नायकाचे स्मरण करतो आणि आपल्या गाढवरूपाचे मनापासून आभार मानतो, कारण त्याने आपल्याला शहाणे केले नसले तरी बहुश्रुत केले.