बालकर्करोगाचे उत्तरपरिणाम

बालकर्करोगाचे उत्तरपरिणाम : बालपणी झालेला कर्करोग बरा झाल्यावर, काही वर्षांनी किंवा दशकांनी, त्यावरच्या उपचारांमुळेच शरीरात उद्भवणारे बिघाड. केस गळणे, उलट्या, तोंड येणे, रक्तातल्या पेशी कमी होणे हे त्रास यात मोडत नाहीत. ते औषधाबरोबर येतात आणि बहुतेक औषधाबरोबरच जातात. उत्तरपरिणाम दबा धरून बसतात. तिसऱ्या वर्षी किमो घेतलेले मूल शाळा-कॉलेज करून नोकरीला लागते आणि तिशीत जिना चढताना त्याला धाप लागू लागते. हृदय दुबळे झाल्याचे निदान करणाऱ्या डॉक्टरला बालपणीचा आजार बऱ्याचदा कोणी सांगितलेलाच नसतो.

हा विषय वैद्यकात उशिरा आला, कारण आधी मुले जगतच नव्हती. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) झालेल्या १६ मुलांना अमिनॉप्टेरिन हे औषध दिले आणि १० मुलांत रोग हटल्याचे १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. हे औषध लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून आले होते. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. रोग हटला तो काही महिन्यांपुरताच. पुढे मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी १९६२ पासून अनेक औषधे एकत्र देऊन, वर डोक्याला किरणोपचार देण्याची पद्धत बसवली. ल्युकेमियाच्या पेशी मेंदूच्या आवरणांत लपतात, तिथे औषध नीट पोहोचत नाही, म्हणून हे किरण. त्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या उपचारक्रमात निम्मी मुले बरी झाली. मात्र त्याच किरणांनी पुढे अनेकांची उंची खुंटली, गणित आणि लक्ष देणे जड जाऊ लागले, संप्रेरकांचे तंत्र बिघडले. १९७५ मध्ये ज्युलिओ डँजिओ यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच ‘बरे करणे पुरेसे नाही’ असे म्हटले. फिलाडेल्फियात ॲना मेडोज यांनी बऱ्या झालेल्या मुलांच्या पाठपुराव्याला शास्त्राचे रूप दिले.

डोक्याच्या किरणांची पुढची कहाणी या शाखेचे मोल दाखवते. मात्रा २४ ग्रेवरून (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) १८ वर आली, मग ती फक्त जास्त धोका असलेल्या मुलांपुरती उरली. २००९ मध्ये सेंट ज्यूडच्या चिंग-हॉन पुई व सहकाऱ्यांनी दाखवले, की मणक्यातून दिलेली औषधे आणि किमो नेमकी बेतली तर मुलांत आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात एकाही मुलाच्या डोक्याला किरण देण्याची गरज नाही. आधीच्या पिढीने जे सोसले ते कोणी मोजून ठेवले नसते, तर ही कपात करण्याचे धाडस झाले नसते.

मोजण्याचे सर्वांत मोठे काम १९९४ मध्ये अमेरिका आणि कॅनडात सुरू झाले. लेस्ली रॉबिसन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात १९७० ते १९८६ या काळात, वयाच्या २१ वर्षांच्या आत कर्करोग झालेले आणि निदानानंतर किमान पाच वर्षे जगलेले लोक घेतले. तुलनेसाठी त्यांचीच सख्खी भावंडे निवडली. घर एक, रक्त एक, फरक फक्त आजाराचा. ही निवड फार हुशारीची होती. २००६ मध्ये केव्हिन ओफिंगर आणि सहकाऱ्यांनी १०,३९७ कर्करोगमुक्त प्रौढांची ३,०३४ भावंडांशी तुलना प्रसिद्ध केली. ६२.३ टक्के कर्करोगमुक्तांना एक तरी जुनाट व्याधी होती आणि २७.५ टक्क्यांची व्याधी गंभीर किंवा जिवावर बेतणारी होती. अशा गंभीर व्याधीचा धोका भावंडांच्या आठ पटींहून अधिक निघाला. मग २०१६ मध्ये, नंतरच्या वर्षांतल्या मुलांपर्यंत वाढवलेल्या त्याच अभ्यासातून दिलासा देणारी आकडेवारी आली. पाच वर्षे जगलेल्यांपैकी १५ वर्षांत दगावणाऱ्यांचे प्रमाण, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उपचार झालेल्यांत १०.७ टक्के होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मुलांत ते ५.८ टक्क्यांवर आले. सौम्य केलेल्या उपचारांचा यात वाटा होता.

या क्षेत्रातल्या महत्त्वाच्या संशोधकांपैकी एक म्हणजे भारतात वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेल्या स्मिता भाटिया. कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप आणि नंतर अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील केंद्रात त्यांनी काम केले. त्यांचा १९९६ चा शोधनिबंध हॉजकिन्स रोग (लसिका ग्रंथींचा कर्करोग) झालेल्या १,३८० मुलांवर आहे. छातीवर किरण घेतलेल्या मुलींना ऐन तारुण्यात स्तनाचा कर्करोग होत होता. चाळिशीपर्यंत तो होण्याची शक्यता त्यांनी ३५ टक्क्यांच्या जवळ काढली. हा आकडा थोड्या रुग्णांवरून आणि जुन्या, जड मात्रांच्या काळातून आलेला होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण दिशा बरोबर होती : १० ते १६ या वयात, स्तनांची वाढ होत असताना किरण घेतलेल्या मुलींना धोका सर्वाधिक. आज अशा स्त्रियांची मॅमोग्राफी व एमआरआय दरवर्षी, पंचविशीपासून किंवा किरणोपचारानंतर आठ वर्षांनी (यांतले जे नंतर येईल तेव्हापासून) करावी असे अमेरिकी मार्गदर्शिका सांगतात.

भाटिया यांचे दुसरे काम अधिक घरगुती आहे आणि म्हणूनच मनात राहते. ल्युकेमियाच्या उपचाराचा शेवटचा, सुमारे दोन वर्षांचा टप्पा घरीच चालतो : रोज तोंडाने मर्कॅप्टोप्युरिनची गोळी. मूल खेळते-बागडते असते, आजार सरल्यासारखा वाटतो आणि गोळी चुकते. भाटिया यांच्या गटाने औषधाच्या बाटलीला असे झाकण लावले, की ते उघडले की वेळेची नोंद व्हावी. ७४२ मुलांच्या अभ्यासात ज्यांनी ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यात रोग उलटण्याचा धोका २.७ पट होता. शंभरात पाच गोळ्या म्हणजे महिन्यात दीड! शिवाय तोंडी विचारले तर कुटुंबे प्रत्यक्षापेक्षा जास्त गोळ्या दिल्याचे सांगत, हेही झाकणानेच उघड केले. चुकण्याचे मुख्य कारण साधेच होते, विसरणे.

रक्ताशी या विषयाचे नाते दुहेरी आहे. कर्करोग बरा करणारी काही औषधे अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींच्या जनुकांना इजा करतात आणि नवाच रक्तरोग उभा राहतो. एटोपोसाइडसारख्या औषधांनंतरचा ल्युकेमिया एक ते तीन वर्षांत, बहुधा काहीच पूर्वसूचना न देता येतो. सायक्लोफॉस्फमाइडच्या गटातील औषधांनंतरचा पाच-सात वर्षांनी, आधी पेशी हळूहळू घटत घटत येतो. या दोन्हींवर उपचार अवघड. बहुतेकदा अस्थिमज्जा प्रत्यारोपणच करावे लागते. दुसरीकडे थॅलॅसेमियासारख्या कर्करोग नसलेल्या रक्तदोषांत हेच प्रत्यारोपण होते, आणि अशी मुलेही उत्तरपरिणामांच्या त्याच वाटेने जातात. त्यांच्या बाबतीत आधीच्या वर्षानुवर्षांच्या रक्तसंक्रमणामुळे यकृत व हृदयात साठलेले लोह हा आणखी एक हिशेब. प्रत्यारोपण यशस्वी झाले तरी ते लोह आपोआप जात नाही; रक्त काढून किंवा औषधे देऊन ते उतरवावे लागते.

बाकी अवयवांचे थोडक्यात. डॉक्सोरुबिसिन व त्याच्या भावंड औषधांनी हृदयाचे स्नायू क्षीण होतात. एकूण मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅमच्या वर गेली की धोका बराच वाढतो. मात्र सीबीआर-३ या जनुकाचे विशिष्ट रूप असलेल्यांत त्याहून कमी मात्राही बाधू शकते, हे भाटिया यांच्याच गटाने दाखवले. सिस्प्लॅटिन या औषधामुळे बहिरेपण येते. यकृताच्या अर्बुदासाठी (कर्करोगाच्या गाठीसाठी) ते घेणाऱ्या मुलांना सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिल्यावर ऐकू न येण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ वर आले (२०१८). स्टेरॉइडने खुब्याचे हाड मरू शकते. काही औषधांनी मूल होण्याची क्षमता जाते, आणि हे सांगायला आपल्याकडे डॉक्टर, आईबाप सगळेच कचरतात.

भारतात या कामाची सुरुवात मुंबईत झाली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ मध्ये सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले होते. त्याच रुग्णालयात १९९१ मध्ये पूर्णा कुरकुरे यांनी उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. ‘आफ्टर कम्प्लीशन ऑफ थेरपी’ (उपचार संपल्यानंतर) या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘ॲक्ट क्लिनिक’ म्हणून ओळखला जातो. बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिला. इथले प्रश्न पाश्चात्त्य पुस्तकांत पूर्ण सापडत नाहीत. उदाहरणार्थ, रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस-सीची तपासणी भारतात २००१ मध्ये सक्तीची झाली. त्याआधी किमो घेताना रक्त चढवलेल्या मुलांचे यकृत आज तपासणे आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न लपवण्याचा. लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या की, विशेषतः मुलीच्या बाबतीत, आजाराचा उल्लेख टाळला जातो आणि त्याच ओघात फाइल माळ्यावर जाते किंवा फेकली जाते. पण पाठपुरावा त्या फाइलीवरच चालतो. गावाकडच्या डॉक्टरला ‘लहानपणी टाटाला दाखवले होते, शेक घेतला होता’ एवढे कळून उपयोग नसतो. म्हणून उपचार संपताना एक-दोन पानी सारांश हाती देण्याची पद्धत आहे. त्यात निदान, तारीख, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, किरण शरीराच्या कोणत्या भागावर व किती ग्रे, शस्त्रक्रिया, रक्तसंक्रमण आणि पुढच्या तपासण्यांचे वेळापत्रक असते. हृदयाचा इको किती वर्षांनी करायचा, थायरॉइड कधी पाहायचे, हे सगळे त्यावरून ठरते.