कागदाच्या फटीतला खर्ज

पुण्याच्या जुन्या बाजारात व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतला काचेचा, दिव्यासारखा भाग, हातात आला की मी आधी त्याचा शेंडा बघतो. काचेला आतून तिथे आरशासारखा रुपेरी डाग असतो. तो बेरियमचा. व्हॉल्व्ह तयार करताना आतली हवा पंपाने ओढून काढतात आणि मग हा धातू आतल्या आत तापवून काचेवर उडवतात. मागे चुकूनमाकून राहिलेला वायू शोषून घ्यायचं काम तो पुढे कित्येक वर्षं करतो. काचेला केसाएवढी चीर गेली आणि हवा आत शिरली, की हा डाग दुधासारखा पांढरा पडतो. असा व्हॉल्व्ह फुकट मिळाला तरी घेऊ नये. पण डाग रुपेरी असेल, पिना सरळ असतील आणि काचेवर ‘बीईएल’ची पुसट अक्षरं दिसली, तर मी तो सोडत नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे हे व्हॉल्व्ह एके काळी आपल्याकडच्या घराघरांतल्या रेडिओत असायचे.

हे व्हॉल्व्ह आणून मी घरी ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाज मोठा करणारं यंत्र, बांधतो. आज नखाएवढ्या चिपमध्ये अख्खा ॲम्प्लिफायर मिळतो आणि तो मोजमापात बहुतेक वेळा सरसही ठरतो. पण चिपच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. व्हॉल्व्हमध्ये दिसतं. तार कुठे तापते, पत्रा कुठे आहे, मधली जाळी कुठे आहे, सगळं काचेतून बघता येतं. आवाज मोठा होतो म्हणजे नक्की काय होतं, हे मला पुस्तकं वाचून कळलं नव्हतं इतकं पहिला व्हॉल्व्ह पेटल्यावर कळलं.

धातू पुरेसा तापला की त्याच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटायला लागतात. व्हॉल्व्हच्या मधोमध निकेलची एक बारीक नळी असते, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो आणि पोटात तापणारी तार. ही नळी म्हणजे कॅथोड. लालसर दिसेपर्यंत ती तापली की लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या पत्र्याला, म्हणजे ॲनोडला, भरपूर धन दाब (व्होल्टेज) दिलेला असतो. तो त्यांना ओढून घेतो. उलट्या दिशेने काहीच वाहत नाही. १९०४ मध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी असा दिवा बनवला आणि एकाच दिशेला वाट देतो म्हणून त्याला व्हॉल्व्ह म्हटलं. तोच शब्द आपल्याकडे रुजला.

मधली जाळी १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी घातली, आणि खरी जादू तिची आहे. शेतात दारं धरणारा माणूस फावडंभर माती इकडची तिकडे करतो आणि अख्ख्या पाटाचं पाणी वळवतो. पाणी विहिरीवरच्या पंपाच्या जोरावर येतं, माणसाच्या नाही. जाळीचं तसंच. तिच्यावर थोडा ऋण दाब असला की ती इलेक्ट्रॉनना मागे रेटते. तो जरासा कमी झाला की लोंढा पुढे सरकतो. ऋण असल्यामुळे ती स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. म्हणून मोबाइलमधून आलेला दुबळा संदेशही तिला पुरतो.

सुरुवात करणाऱ्याला मी दोनच व्हॉल्व्ह सांगतो: ईसीसी ८३ आणि ईएल ८४. या नावांतच माहिती भरलेली असते. ई म्हणजे तापणाऱ्या तारेला ६.३ व्होल्ट, सी म्हणजे ट्रायोड, कॅथोड, जाळी आणि ॲनोड असा तीन भागांचा व्हॉल्व्ह (दोन सी म्हणजे एकाच काचेत दोन), एल म्हणजे स्पीकर चालवणारा, पाच भागांचा पेंटोड, आणि ८ म्हणजे नऊ पिनांचा बेस. पहिला व्हॉल्व्ह नेहमीच्या जोडणीत आवाजाचा दाब साठेक पट वाढवतो, दुसरा त्याला ताकद देतो.

ईएल ८४ च्या ॲनोडला २५० व्होल्ट दिले आणि कॅथोडखाली १३५ ओहमचा रेझिस्टन्स लावला, की ॲनोडमधून सुमारे ४८ मिलिॲम्पिअर वाहतात. गुणाकार केला तर १२ वॉट होतात, आणि नेमकी तीच त्या पत्र्याची सहन करायची मर्यादा आहे. त्यातून स्पीकरला जास्तीत जास्त साडेपाच-पावणेसहा वॉट मिळतात. बाकी सगळी उष्णता. गाणं चालू नसतानाही व्हॉल्व्ह तेवढाच प्रवाह घेत राहतो, म्हणून हात लावला तर चटका बसतो.

आता एक गोष्ट फार गंभीरपणे. हे अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि ते जीव घेऊ शकतात. प्लग काढला म्हणजे धोका संपला असं समजू नका. तीनशे व्होल्टला भरलेला ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर दोन ज्यूल ऊर्जा धरून बसतो. त्याच्यावर कायमचा २२० किलोओहमचा रेझिस्टन्स जोडा; मिनिटाभरात तो रिकामा होतो. तरीही चासीत, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्यात, बोट घालण्याआधी प्रत्येक वेळी मीटर लावून बघा. सर्किट चालू ठेवून मोजायचं असेल तर एक हात खिशात ठेवा, म्हणजे करंटला छातीतून वाट मिळणार नाही. घरात लहान मूल असेल तर उघडी चासी टेबलावर कधीच सोडू नका. सोल्डरिंग सरावाचं नसेल तर आधी बारा व्होल्टच्या किटवर हात बसवा.

पहिल्यांदा चालू केला की बहुतेकांचा ॲम्प्लिफायर गुणगुणतो. ही गुणगुण कान देऊन ऐकायची, कारण ती स्वतःचा पत्ता सांगते. आपली वीज ५० हर्ट्झची. घुमणारा, खोल ५० चा स्वर असेल तर हीटरला, म्हणजे कॅथोडच्या पोटातल्या तापणाऱ्या तारेला, वीज नेणाऱ्या तारा तपासा; त्या एकमेकींना घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्यातून न्यायला हव्यात. एसीचा डीसी करणाऱ्या सप्लायमध्ये प्रत्येक अर्धी लाट एकाच दिशेला वळवून घेतलेली असते, त्यामुळे तिथून येणारी गुणगुण १०० हर्ट्झची, एक सप्तक वरची आणि जराशी खरखरीत असते. तशी असेल तर कंडेन्सर थकलाय किंवा अर्थिंगच्या तारा नको तिथे जोडल्या गेल्यात.

आणि व्हॉल्व्हचा आवाज ‘गोड’ का? मला वाटतं याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. व्हॉल्व्ह मूळ रेकॉर्डिंगमध्ये नसलेलं थोडं काहीतरी मिसळतो. ट्रायोडमधून २४० हर्ट्झचा सा गेला की त्याच्यासोबत अगदी हलका ४८० चाही येतो. तो तार सप्तकातला सा. तिसऱ्या पटीचा ७२० म्हणजे त्याच्या वरचा पंचम. तानपुऱ्याच्या तारेतून हेच स्वर मुळात येत असतात, त्यामुळे कानाला ते परके वाटत नाहीत. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर गेला की लाटेचे शेंडे एकदम छाटले जातात आणि सातव्या, नवव्या पटीचे स्वर उठतात. सातव्या पटीचा स्वर आपल्या कुठल्याच निषादाशी नीट जुळत नाही, म्हणून तो टोचतो. साधा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर मर्यादेला पोचतो तेव्हा शेंडे हळूहळू दबतात. गोडवा आहे, पण तो भर घातलेला आहे.

पण व्हॉल्व्हइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, आवाज ठरवतो तो व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. ईएल ८४ ला समोर ५२०० ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो आठ ओहमचा. भागाकार ६५०, त्याचं वर्गमूळ साडेपंचवीस. म्हणजे स्पीकरच्या बाजूच्या एका वेढ्यामागे व्हॉल्व्हच्या बाजूला साधारण पंचवीस वेढे. हा हिशेब करून, कागदावर लिहून मी एका रिवाइंडिंगच्या दुकानात दिला होता. वेढे अगदी बरोबर निघाले. ॲम्प्लिफायर वाजला, गळा स्वच्छ आला, तबल्याची चाटही आली. डग्गा मात्र गायब. कोणीतरी पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा आवाज.

दोन रविवार मी कंडेन्सर बदलत बसलो. मग ट्रान्सफॉर्मर उघडला आणि उमगलं. स्टॅम्पिंगच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याच्या, इंग्रजी ई आणि आय आकाराच्या पट्ट्या आलटून पालटून भरल्या होत्या, जसं घरगुती ट्रान्सफॉर्मरमध्ये भरतात. तिथे एसी असतो, चुंबकत्व पुढे-मागे होतं, सगळं ठीक. माझ्याकडे मात्र त्या वेढ्यांतून ४८ मिलिॲम्पिअरचा डीसी सतत एकाच दिशेने वाहत होता. लोखंड त्यानेच भरून गेलं होतं. खर्जाच्या स्वरांना सगळ्यात जास्त चुंबकत्व लागतं, आणि त्यांनाच जागा उरली नव्हती. दोन व्हॉल्व्ह समोरासमोर लावलेल्या पुश-पुल रचनेत दोघांचे डीसी एकमेकांना रद्द करतात, तिथे हा प्रश्न येत नाही. एकट्या व्हॉल्व्हला मात्र लोखंडात फट ठेवावीच लागते.

मी पुन्हा दुकानात गेलो. सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागद, असं सांगितलं. काकांनी चष्मा वर केला. “अहो, फट ठेवली तर गुणगुणेल तो.” मी म्हटलं, “घट्ट आवळून द्या, मग बघू.” लोखंडातून चुंबकत्व हवेपेक्षा हजारो पटींनी सहज जातं, त्यामुळे दशांश मिलिमीटरची फटसुद्धा त्या हिशेबात कित्येक सेंटिमीटर लोखंडाएवढी भरते. तेवढ्याने लोखंड भरून जायचं थांबतं. फट फार वाढवली तरी खर्ज पुन्हा जातो, म्हणून बेतानेच.

वहीचं एक पान दुमडून मी त्यांच्यापुढे ठेवलं. आधी दुहेरी लावून बघितलं, मग एकेरी. एकेरीवर बोल्ट आवळले, घरी येऊन तारा जोडल्या आणि तीच रेकॉर्ड लावली. सुमारे वीस सेकंद काच लालसर होत गेली. मग तंबोरा आला, आणि पहिल्या समेला डग्ग्याची घुमक टेबलाच्या लाकडातून कोपरापर्यंत पोचली.