नुसत्या सिट-अप्सनी फेक वाढत नाही

सांगलीत बेसबॉल खेळणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं एकच सल्ला मिळतो: रोज शंभर सिट-अप्स मारा, फेक आपोआप वाढेल. हे खरं नाही. सिट-अप्सनी मुख्यतः पोटाचे पुढचे स्नायू राबतात. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, 18.44 मीटरवरच्या होम प्लेटकडे (फलंदाजाजवळच्या जमिनीतल्या पाटीकडे) चेंडू टाकताना क्षणभर एका पायावर असतो. मग पायांचा जोर कमरेतून, वळणाऱ्या धडातून खांद्यापर्यंत पोचतो. धड डळमळलं की जोर वाटेतच गळतो आणि खांद्या-कोपरावर जास्तीचा भार येतो. तालमीत वस्ताद आधी पाय रोवायला शिकवतात, ते उगाच नाही! म्हणून एका पायावरचा तोल, साइड प्लँक (कुशीवर, एका कोपरावर अंग ताठ धरणं), मेडिसिन बॉलची म्हणजे व्यायामाच्या जड चेंडूची वळून फेक यांना वेळ द्या. डगमगत्या फळीवरचा सरावही पुरेसा नाही. चेंडू शेवटी घट्ट जमिनीवरूनच फेकायचा असतो.