जॅझ वृंदवादन आणि उपज : विद्यापीठीय शिक्षण, नागपूरच्या संदर्भात

चार-सहा वादकांनी एकत्र येऊन, ठरलेल्या धुनेच्या आणि कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) चौकटीत, त्या क्षणी सुचेल ते वाजवण्याची, म्हणजे उपजेची, कला पदवी अभ्यासक्रमातून शिकवणारी शिक्षणपद्धती. ती विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रुजली आणि पुढे जगभरच्या संगीत महाविद्यालयांत पसरली. नागपुरात या विषयाची स्वतंत्र पदवी नाही. १९२३ साली स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव असलेल्या नागपूर विद्यापीठात संगीत शिकवले जाते ते मुख्यतः हिंदुस्थानी पद्धतीचे. ख्याल, सतार किंवा तबला शिकलेला इथला विद्यार्थी जॅझकडे वळतो तेव्हा उपज त्याला नवी नसते. त्याच्यासाठी अवघड असतो तो वृंद, म्हणजे बरोबरीच्या चार माणसांत राहून उपज करणे. या शिक्षणाचा गाभाही तोच आहे.

जॅझ न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आले. तेव्हा ते शिकण्याची जागा म्हणजे बँड, नाचघर आणि ग्रामोफोनची तबकडी. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या होख कॉन्झर्व्हेटरीने १९२८ मध्ये मात्याश शायबर यांच्याकडे जॅझचा वर्ग सोपवला होता. नाझी सत्तेवर येताच १९३३ मध्ये तो बंद पडला. बॉस्टनमध्ये १९४५ साली लॉरेन्स बर्क यांनी शिलिंगर हाउस सुरू केले, ते १९५४ पासून बर्कली या नावाने ओळखले जाते. पदवीचा मान मात्र टेक्सासमधील डेंटन गावच्या महाविद्यालयाकडे जातो. आज नॉर्थ टेक्सास विद्यापीठ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या संस्थेत १९४७ मध्ये जॅझची पदवी सुरू झाली. कागदोपत्री तिचे नाव ‘डान्स बँड’ असे होते.

त्या वेळी त्या महाविद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. ज्यांनी हे संगीत घडवले त्यांच्याच मुलांना ते शिकवणाऱ्या वर्गाचे दार बंद होते. महाविद्यालयाच्या पदवी वर्गांत पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आली १९५६ मध्ये, म्हणजे दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी. हे दोन प्रसंग एकमेकांशी जोडलेले नाहीत, पण नागपूरच्या वाचकाला या इतिहासात शिरायला वेगळी वाट शोधावी लागत नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. जॅझचा इतिहास हा या पदवीतील अनिवार्य विषय असतो. नागपुरात तो शिकवायचा झाला तर त्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

पुढे इंडियाना विद्यापीठात डेव्हिड बेकर यांनी अभ्यासक्रमाची घडी बसवली. गुंथर शुलर यांनी १९६९ मध्ये न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत जॅझ आणले. पियानोवादक मेरी लू विल्यम्स १९७७ पासून अखेरपर्यंत ड्यूक विद्यापीठात शिकवत होत्या.

अभ्यासक्रमात वाद्याचा वैयक्तिक तास, कानाची तयारी, जॅझची हार्मनी (कॉर्डची जुळणी), संगीतरचना आणि इतिहास हे विषय असतात. सर्वांत जास्त कस लागतो तो वृंदाच्या तासाला. वृंद दोन प्रकारचे. बिग बँडमध्ये साधारण सतरा वादक असतात: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, आणि पियानो, गिटार, बास व ड्रम हे चौघे. तिथे बहुतेक संगीत लिहिलेले असते आणि नोटेशन वाचता येणे आवश्यक ठरते. दुसरा प्रकार कॉम्बोचा. त्यात चार ते सात जण असतात आणि समोर एकच कागद, ज्यावर धून आणि कॉर्डची नावे एवढेच लिहिलेले. बाकी सगळे वाजवताना घडते.

सगळ्यात आधी शिकवला जातो तो बारा बारचा ब्लूज. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन. जॅझवाले त्याला ‘कोरस’ म्हणतात. आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक जण दोन-चार आवर्तने उपज करतो आणि शेवटी पुन्हा धून येते. बंदिश, विस्तार आणि पुन्हा मुखडा ही चाल अंगात मुरलेल्या विद्यार्थ्याला या रचनेत परके काही वाटत नाही. तबल्याच्या विद्यार्थ्याला अठ्ठेचाळीस मात्रा मोजाव्या लागत नाहीत, तो त्या आतून धरून असतो. मात्र त्याला वजनाची जागा बदलावी लागते. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिलीवर समेसारखा जोर दिला की सगळा बँड जड होतो. शिवाय एका मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड. लय वाढली की ते पुन्हा सारखे होत जातात. हे प्रमाण कागदावर लिहून कळत नाही. रेकॉर्डिंगबरोबर गात राहावे लागते.

सरगमच्या अंगाने पाहिले तर इथल्या विद्यार्थ्याची शिदोरी मोठी आहे. पाश्चात्त्य मोडपैकी (स्वरपंक्तींपैकी) सहा आपल्या थाटांशी जुळतात: आयोनियन म्हणजे बिलावल, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी, लिडियन म्हणजे कल्याण, मिक्सोलिडियन म्हणजे खमाज आणि एओलियन म्हणजे आसावरी. मोडवर आधारलेल्या जॅझचा जोर १९५०च्या दशकाअखेर वाढला. त्यातली एखादी संथ धून काफी थाटाच्या स्वरांत वाजू लागली की इथल्या सतारवादकाला आपला मुलूख दिसतो. पण इथेच तो फसू शकतो. थाटाचे स्वर जुळले म्हणून राग जुळत नाही, आणि जॅझमध्ये काफीचे चलन पाळणे कुणाला अपेक्षितही नसते.

खरा अडसर आहे षड्ज. तानपुऱ्याने दिलेला सा मैफलभर हलत नाही, ही आपल्या कानाची पहिली सवय. जॅझमध्ये पायाचा स्वर दर एक-दोन बारांनी बदलतो आणि उपज त्या बदलाच्या अंगाने चालते. सर्वांत जास्त येणारी तीन कॉर्डची साखळी सरगममध्ये मांडून पाहावी. पहिली कॉर्ड रे-म-ध-सा, दुसरी प-नि-रे-म, तिसरी सा-ग-प-नि. पहिलीकडून दुसरीकडे जाताना सा अर्धा स्वर उतरून नि होतो आणि म जागेवर राहतो. दुसरीकडून तिसरीकडे जाताना म उतरून ग होतो आणि नि जागेवर राहतो. हे दोन धागे गळ्यातून सहज निघू लागले की कॉर्ड हातात न वाजवताही ऐकू येतात. चांगले शिक्षक आठवड्यामागून आठवडे एवढेच गाऊन घेतात आणि मग हीच साखळी बारा स्वरांपासून बारा वेळा मागतात. नागपूरच्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड किंवा गिटार वाजवणाऱ्यांना हे पुष्कळदा नावाशिवाय येत असते, कारण गायकाच्या पट्टीप्रमाणे ऐन वेळी गाणे वरखाली करणे हा त्यांचा रोजचा धंदा आहे.

उपज शिकवता येते का, या शंकेला अभ्यासक्रमाचे उत्तर सरळ आहे. विद्यार्थ्याने एखाद्या थोर वादकाचा सोलो ऐकून उतरवायचा; आधी तो श्वासासकट गाता आला पाहिजे, मग वाद्यावर, आणि शेवटी कागदावर. नंतर त्यातला एक तुकडा घेऊन तो वेगवेगळ्या कॉर्डवर बसवायचा. गुरूसमोर बसून तान उचलणाऱ्या मुलाला ही तालीम ओळखीची आहे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या वसंतराव देशपांडे यांच्या गाण्यातली बेफाम उपजही पाठांतराच्या पक्क्या पायावर उभी होती.

वृंदाचे तंत्र मात्र आपल्याकडच्या साथसंगतीपेक्षा वेगळे आहे. ख्यालात गायक मुख्य; पेटी त्याच्या मागून जाते, तबला ठेका धरतो आणि मोकळीक मिळाली तरी ती गायकाच्या खुणेने. कॉम्बोमध्ये मुख्य कलाकार दर काही आवर्तनांनी बदलतो. सॅक्सोफोनच्या सोलोत पियानोवादक कॉर्ड कुठे टाकायची आणि कुठे हात उचलायचा हे स्वतः ठरवतो. या कामाला ‘कॉम्पिंग’ म्हणतात. बासवादक प्रत्येक मात्रेला एक स्वर देत चालतो आणि त्याच्या एका वेगळ्या स्वराने सगळ्यांच्या कॉर्डचा अर्थ पालटतो. ड्रमवादक सोलो करणाऱ्याला प्रश्न विचारतो, कधी त्याचे वाक्य पुरे करतो. चार-चार बार वाटून घेऊन वाजवतात तेव्हा ते सवाल-जवाबाच्या फार जवळ जाते. विदर्भातल्या खडी गंमतीचा किंवा कलगी-तुऱ्याचा ज्याला कान आहे त्याला यातली चुरस समजावून सांगावी लागत नाही. परीक्षकही एवढेच पाहत नाहीत की तुमचा सोलो कसा झाला. दुसऱ्याचा सोलो चालू असताना तुम्ही काय ऐकले, किती वाजवले आणि कुठे गप्प राहिलात, यालाही गुण असतात. एकल तयारीत वर्षे घालवलेल्या विद्यार्थ्याला हे गप्प राहणे सर्वांत जड जाते, आणि शिकण्यासारखेही तेच सर्वांत मोठे आहे.

विद्यापीठात तयार झालेले वादक एकसारखे वाजवतात, अशी तक्रार अमेरिकेत जुनीच आहे. ती निराधार नाही. प्रत्येक कॉर्डला एक स्वरपंक्ती असे कोष्टक पाठ करून वाजवले की बोटे धावतात, पण वाक्य उभे राहत नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यापासून आपल्याकडेही विद्यालयी शिक्षणाबद्दल हेच बोलले गेले. तरीही घराण्याबाहेरच्या असंख्य मुलामुलींना संगीत मिळाले ते त्या विद्यालयांमुळे, आणि जॅझच्या पदवीनेही तेच केले.

भारतात जॅझ १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात स्थिरावले. तिथे लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफोर्ड यांसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत वाजवत आणि गोव्याचे वादक त्यांच्याकडून शिकत. चिक चॉकलेट यांच्यासारख्यांनी ते चित्रपटसंगीतात नेले, सी. रामचंद्र यांच्या गाण्यांतला स्विंग त्यातूनच आला. १९७८ मध्ये मुंबईत जॅझ यात्रा महोत्सव सुरू झाला. आज औपचारिक शिक्षणासाठी चेन्नईचे केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी किंवा मुंबई-दिल्लीकडील खासगी संस्था गाठाव्या लागतात.

नागपुरात वादकांची वाण नाही. कामठीच्या छावणीत लष्करी बँडची परंपरा आहे आणि तिथले वादक स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचतात. लग्नाच्या बँडपथकांत ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन कानावर वाजतात. ऑर्केस्ट्रावाल्यांना हार्मनी येते, संगीत विभागातल्या मुलांना ताल आणि स्वर येतो. ही माणसे एका खोलीत एकत्र येत नाहीत, हीच उणीव आहे. विद्यापीठात शिकवायला सहसा नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते, ती बँडमास्तरांकडे नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नेमणुकीची वाट मोकळी केली. आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काम केलेल्या जाणकाराला औपचारिक पदवीची अट न लावता, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, शिकवायला बोलावता येते. निवृत्त लष्करी बँडमास्तर किंवा ऑर्केस्ट्रातला मुरलेला गिटारवादक या तरतुदीत बसू शकतो. बास, ड्रम, एक की-बोर्ड आणि आठवड्याला तीन तासांची एक खोली एवढ्यावर पहिला कॉम्बो उभा राहतो.