काबुकी नटांच्या चित्रांत चेहरा कसा आला

काबुकी या जपानी नाट्यप्रकाराची सुरुवात १६०३ च्या सुमारास क्योटोत ओकुनी नावाच्या नर्तकीने केली असं मानलं जातं. १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी घातली, पुढे कोवळ्या पोरांनाही, आणि स्त्रीभूमिकांसकट सगळा खेळ प्रौढ पुरुषांच्या हाती आला. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हे नट लोकांच्या गळ्यातले ताईत होते. लाकडी ठशांवर छापलेली त्यांची चित्रं साध्या माणसाच्या खिशाला परवडत.

सुरुवातीची चित्रं तोरी घराण्याची. नाट्यगृहांचे फलक रंगवणारी ही मंडळी. त्यांच्यातल्या कियोनोबूचे नट जाड रेषांचे, भोपळ्यासारख्या फुगीर पोटऱ्यांचे. आवेश जबरदस्त, पण तोंडवळा सगळ्यांचा एकच. कोण कुठला नट, ते किमोनोवरच्या घराण्याच्या चिन्हावरून ओळखायचं.

१७६५ मध्ये बहुरंगी छपाई रुळली. दर रंगाला चेरीच्या लाकडाचा वेगळा ठसा, आणि कागद जागचा हलू नये म्हणून ठशाच्या कडेला कोरलेल्या खुणा. १७७० मध्ये शुन्शो आणि बुन्चो या दोन चित्रकारांनी नटांच्या चित्रांचं पुस्तक काढलं, त्यात प्रत्येकाचं नाक-डोळे वेगळे. मला खरी क्रांती इथे दिसते. पुढे आलेल्या शाराकू या चित्रकाराचं नाव जगभर गाजलं, पण वाट या दोघांनी पाडली होती.

शाराकू १७९४ च्या उन्हाळ्यात अचानक उगवला. प्रकाशक त्सुताया जुझाबुरोने त्याची अठ्ठावीस मोठ्या चेहऱ्यांची चित्रं एकदम बाजारात आणली, तीही अभ्रकाच्या काळ्या चमकदार पार्श्वभूमीवर. त्यातला तिसरा ओतानी ओनिजी, म्हणजे पिढीजात चालत आलेलं हे नाव घेणारा तिसरा नट, पाहावा: मान पुढे काढलेली, ओठ घट्ट मिटलेले, आणि छातीपाशी किमोनोतून बाहेर आलेले दोन लहानसे पंजे, बोटं फाकलेली. दरोडा घालायला निघालेल्या नोकराची हाव त्या बोटांत उतरली आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांचे पुरुषी जबडेही त्याने लपवले नाहीत. फार खरं काढलं म्हणून तो टिकला नाही, असं जुन्या नोंदीत म्हटलं आहे. जेमतेम दहा महिन्यांत त्याचं काम थांबलं. त्याच वेळी तोयोकुनी या चित्रकाराचे रुबाबदार, देखणे नट मात्र भरभरून खपत होते.

१८४२ मध्ये सरकारने काटकसरीच्या नावाखाली नटांची चित्रंच बंद केली, सातवा दांजूरो या नटाला एदोतून हद्दपार केलं. पण चेहरे तोवर लोकांना तोंडपाठ झाले होते, नाव छापायची गरजच उरली नव्हती. कुनियोशी या चित्रकाराने गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर कुणी खिळ्याने रेघोट्या ओढाव्यात तशी चित्रं काढली. वरवर पोरखेळ, पण प्रत्येक थोबाड एकेका नटाचं, आणि गिऱ्हाइकं ती बिनचूक ओळखत. पुढे बंदी सैल पडत गेली. १८५४ मध्ये आठव्या दांजूरोने ओसाकात आत्महत्या केली, तेव्हा त्याच्या मृत्यूची शंभरावर वेगवेगळी चित्रं छापली गेली.