इन्शुलिनचा पहिला झोत

फोंड्याला आतेच्या दारात सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजतो. मधुमेह निघाल्यापासून ती पाव हातात घेऊन थबकते. परवा तिने विचारलं, "कमी खाल्लं तर असलेलं इन्शुलिनपण आटणार नाही काय रे?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि गोव्यात तो घरोघरी पडावा असा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशभरात 11.4 टक्के होतं, तर गोव्यात 26.4, सगळ्या राज्यांत जास्त.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्शुलिन भरलेल्या बारीक पिशव्या तयार ठेवतात. शिरेतून ग्लुकोज दिलं की निरोगी माणसात त्यातल्या काही लगेच फुटतात आणि दहाएक मिनिटं इन्शुलिनचा जोरदार झोत येतो. मग संथ धार चालू राहते. टाइप 2 मधुमेहात आधी जातो तो हा झोत.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात रॉय टेलर यांच्या गटाने 11 मधुमेहींना आठ आठवडे दिवसाला सुमारे 600 किलोकॅलरींवर ठेवलं. निष्कर्ष 2011 मध्ये आले. उपाशीपोटीची साखर आठवड्याभरातच ठीक झाली. यकृतातली चरबी भराभर उतरली, यकृत पुन्हा इन्शुलिनचं ऐकू लागलं आणि रक्तात नको तेवढी साखर सोडायचं थांबलं. अशा वेळी उपाशीपोटीचं इन्शुलिन उतरतं ते झरा आटला म्हणून नव्हे, थोडक्यात भागतं म्हणून.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. झोत मात्र एका आठवड्यात आला नाही. स्वादुपिंडातली चरबी आठ टक्क्यांवरून सहाच्या आसपास येत गेली, तसतसा तो वाढला आणि आठव्या आठवड्याला निरोगी माणसांच्या जवळ पोचला. म्हणजे त्या पेशी मेल्या नव्हत्या, चरबीच्या ओझ्याखाली गप्प झाल्या होत्या. मधुमेह फार जुना असेल तर मात्र त्या परत बोलत्या होण्याची शक्यता कमी होते.

इतकं कडक पथ्य मनाने करायचं नाही. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असताना जेवण एकदम तोडलं तर साखर धोकादायक खाली जाते. आतेने आधी डॉक्टरांकडून गोळ्यांचा डोस बदलून घेतला. हुमणाबरोबरचा भात त्यानंतर अर्धा केला.